खडपावर शून्य बायका

समुद्राचं काय करायचं ते ठरवणारी बैठक समुद्रापासून जेवढी लांब नेता येईल तेवढी लांब नेली होती. छत्रपती संभाजीनगरला. पत्रात कारणही दिलं होतं: ‘चर्चेचे वातावरण निष्पक्ष राहावे म्हणून किनारपट्टीबाहेरचे स्थळ निवडण्यात आले आहे.’ समुद्र जवळ असता तर त्याने मध्येच उठून काहीतरी बोलायचा धोका होता. पत्राच्या शेवटी दुसऱ्या दिवशी अजिंठा लेण्यांची सहल असल्याचंही कळवलं होतं. निष्पक्षपणाला पहिल्या दिवशी संध्याकाळी सुट्टी मिळणार, एवढं त्यावरून समजलं.

तर वाडीतून आम्ही दोघी निघालो, मी आणि शेवंताकाकी. मी आपल्या किनारा समितीची पत्रकं लिहिते. चार वर्षं लिहिते आहे, आणि चांगली लिहिते असं सगळे म्हणतात. शेवंताकाकी पन्नास वर्षं कालवं काढते आहे, आणि चांगली काढते असं म्हणायचं कोणाला सुचत नाही. वाडी सोडून शहरात गेलेल्यांना आठवत नसेल म्हणून सांगते: ओहोटीला पाणी मागे सरलं की वाडीसमोर खडप (पाण्यातला पसरट खडकाळ पट्टा) उघडं पडतं. बायका कोयती घेऊन जातात, खडकाला चिकटलेली कालवं फोडतात, मुळे (वाळूतले शिंपले) उकरतात. कित्येक घरांत त्यावरच चूल पेटते. हे खडप सागरी अभयारण्याच्या हद्दीत आहे. अभयारण्य किती नीट राखलं गेलं याचा मूल्यमापन अहवाल तयार होत होता, आणि त्यात खडप माणसांना कायमचं बंद करा अशी शिफारस येणार, अशी कुणकुण लागली होती. ती शिफारस अडवायची, एवढ्यासाठी आमचा प्रवास.

पत्रकांचा गठ्ठा काकीने मांडीवर घेतला होता. तिला वाचता येत नाही. पण माझी पत्रकं बाजारात वाटायची ती काकीनेच, प्रसाद वाटावा तशी, एकेकाच्या हातात देऊन.

घाट चढून कोल्हापूर, तिथून दुसरी एसटी. पुण्यापर्यंत काकी खिडकीतून पाणी शोधत होती. अहिल्यानगरच्या पुढे तिने शोधायचं सोडलं आणि झोपली.

सकाळी संभाजीनगरच्या बसस्थानकावर एक माणूस पुठ्ठा धरून उभा होता. पुठ्ठ्यावर लिहिलेलं: ‘हितसंबंधी – २’. आम्हाला नावं होती, ती पत्रातही होती. पण पुठ्ठ्यावर आम्ही एवढ्याच होतो. पुठ्ठा धरणाऱ्याचं नाव मात्र आम्ही पहिल्या मिनिटाला विचारलं. ज्ञानोबा, गाव पाचोड, बैठकीसाठी भाड्याने घेतलेल्या मिनीबसचा चालक.

“या मावशी, या ताई. लई टाइम लागला व्हय? बसा पुढंच, मागं ऊन लागतंय.”

गाडी क्रांती चौकाच्या गर्दीत अडकली तशी त्याने चौकशी सुरू केली.

“मावशी, तुम्ही समुद्रावरच्या ना? म्या नाय पाहिला अजून. त्याचं पाणी म्हणं रोज खाली-वर व्हतं?”

“दिसाक दोन येळा,” काकी म्हणाली.

“मंग दरवाजे किती हायेत त्याला?”

काकीला कळेना. मी विचारलं, “कसले दरवाजे?”

“आता आमच्या नाथसागराचं (पैठणच्या धरणाचा जलाशय) पाणी खाली-वर व्हतं, ते दरवाजे उघडले तर. वरून हुकूम आल्याबिगर थेंब हालत नाय. तुमच्याकडं हुकूम कोण देतं?”

“चंद्र.”

“त्येचं हापिस कुठं असतंय?”

काकी इतकी हसली की गठ्ठा मांडीवरून घसरला. मग तिने त्याला समजावलं, मला कधी समजावलं नव्हतं तितकं नीट. “आमाशा-पुनवेक उधाण. पाणी लय चढता आणि सुकतीक (ओहोटीला) लय मागे जाता. तेवा खडप उघडा पडता. अष्टमीच्या अंगाक भांग. भांगाक पाणी धड चढना नाय, धड उतरना नाय. खडप पाण्याखालीच ऱ्हवता. भांगाक आमी घरात बसतो, जाळी शिवतो.”

“म्हंजे पंधरा दिसाला पाण्याची पाळी!” ज्ञानोबाने हॉर्नवर हात मारला. “आमच्या कॅनॉलवानीच की. पाळी आली की रानात, नसली की घरात.” मग अभिमानाने म्हणाला, “अभयारण्य आमच्याकडं बी हाय, मावशी. नाथसागरावर, पाखरांचं. बोर्ड लावलाय मोठा. पाखरं काय बोर्ड वाचून येत नायत, पर येत्यात.”

दोन दिवसांत सागरी संवर्धनाबद्दल एवढं शहाणपणाचं वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

तज्ज्ञांची सोय मोठ्या हॉटेलात होती आणि हितसंबंधी–२ ची छावणी भागातल्या एका लॉजवर. खोली स्वच्छ होती. न्हाणीघरात एकच भरलेली बादली आणि वर चिठ्ठी: ‘टँकर उद्या. जपून वापरा.’ काकीने बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नुसतं तोंड धुऊन बाहेर आली. बाकीची बादली तिने मला ठेवली होती.

सभागृहात पडद्यावर उड्या मारणारे डॉल्फिन होते. गारवा असा की काकीने पदर कानावरून घेतला. अध्यक्ष निवृत्त अधिकारी. आवाज मऊ, एकाही वाक्यात कोणाला दुखावायचं नाही असा पण केलेला माणूस. त्यांच्या शेजारी पाहणीच्या प्रमुख, सागरी जीवशास्त्राच्या डॉक्टरबाई. त्या मात्र उन्हाने रापलेल्या, नाकाची साल निघालेली. पाण्यात उतरणारं माणूस लपत नाही. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ पेन्सिलींना टोक काढत बसले होते. कुलकर्णीकाका, इथल्याच कोर्टातून निवृत्त झालेले लघुलेखक, बैठकीचा वृत्तान्त लिहायला बोलावलेले. सुरुवात व्हायच्या आधी मी त्यांना म्हटलं, “काका, आमच्या काकीचं बोलणं मालवणी आहे, समजलं नाही तर विचारा.”

“समजायची गरज नसते,” ते म्हणाले. “मी ऐकतो ते लिहितो. समजलं ते लिहायला लागलं की घोटाळे होतात.”

अध्यक्षांनी सांगितलं, आपलं अभयारण्य उत्तम चाललं आहे. पुरावा म्हणून पडद्यावर कोष्टक आलं. एका रकान्याचं नाव ‘मानवी हस्तक्षेप’. आधीच्या पाहणीत खडपावर ज्या बायका दिसल्या होत्या त्यांचा आकडा लाल रंगात. या वेळच्या दोन्ही फेऱ्यांत खडपावर बायका: शून्य. शून्य हिरव्या रंगात, जरा मोठ्या अक्षरात. टाळ्या वाजल्या. बायका नाहीशा झाल्या म्हणून एवढ्या टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.

“शून्य म्हंजे कोण नाय?” काकीने विचारलं.

“कोण नाय.”

“मगे मी खय होतंय (कुठे होते)?”

मी उठले. पत्रकात लिहिते तसंच बोलले. हे धादांत खोटं आहे, हा अहवाल नाही तर कट आहे, वाडी हे सहन करणार नाही, वगैरे. माझा आवाज सभागृहात छान घुमला. अध्यक्षांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“ताई, भावना पोचल्या,” ते म्हणाले. “पण हा निष्कर्ष आम्ही एकट्याने काढलेला नाही. स्थानिकांनीही दुजोरा दिला आहे.”

आणि पडद्यावर पुढचं चित्र आलं. गुलाबी कागद, खाली किनारा समितीचा शिक्का. माझं पत्रक. एका वाक्याखाली लाल रेघ ओढली होती: ‘कालवं संपली! मुळे संपले! वाडीतल्या एकाही बाईचं पाऊल आता खडपावर पडत नाही!’

तिन्ही उद्गारचिन्हं माझीच होती.

ते पत्रक मी लिहिलं होतं झगझगीत दिव्यांच्या मोठ्या बोटींविरुद्ध. त्या अभयारण्याच्या हद्दीत घुसून, दिव्यांनी मासळी गोळा करून, बारीकसारीक सगळं ओढून नेतात. त्या वर्षी खडपावरची कालवंसुद्धा कमी झाली होती, हे खरं. किती कमी, ते काकीला माहीत होतं. मी विचारलं नव्हतं. ‘कमी झाली’ हे गुलाबी कागदावर उठून दिसत नाही. ‘संपली’ दिसतं.

“आता मला सांगा,” अध्यक्ष अजूनही मऊ आवाजातच होते, “जिथे कोणी जातच नाही ती जागा बंद केल्याने नुकसान कोणाचं? आणि आपण म्हणता तसं सगळं संपलं असेल, तर बंदी जास्तच गरजेची, नाही का?”

मी बसले. काकी पडद्याकडे कौतुकाने बघत होती.

“आपला पत्रक मां ता? मोठा केल्यार बरा दिसता. काय लिवलंस त्येच्यात?”

“नंतर सांगते.”

दुपारी जेवणाच्या टेबलावर पाटी होती: ‘सागरी मेजवानी’. कुठूनतरी बर्फातून आणलेले पापलेट, प्रत्येकाच्या ताटात अख्खा एक. काकीने आपला उचलून तळहातावर ठेवला. डोकं मनगटाला, शेपटी बोटांच्या पेरापर्यंतही पोचली नाही.

“ह्या पिल्लू,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “ह्येच्या आवशीन (आईने) अजून ह्येका नीट बघूक नाय, आणि तुमी तळलात.”

अध्यक्ष दुसरा घेत होते. डॉक्टरबाईंनी आपलं ताट बाजूला सरकवलं.

जेवणानंतर अर्धा तास ‘हितसंबंधींशी संवाद’ असा होता. पण पाहुण्यांचं भाषण लांबलं, मग स्मृतिचिन्हं, मग एकत्र फोटो. अध्यक्षांनी जाहीर केलं, “हितसंबंधींशी उद्या अजिंठ्याला जाताना बसमध्ये मोकळेपणाने बोलू.” समुद्राचा निकाल आता सिल्लोड रस्त्यावर लागणार होता.

संध्याकाळी ज्ञानोबाने आम्हाला नान-खलिया (मटणाचा झणझणीत रस्सा आणि तंदूरमधली मोठी रोटी) खायला नेलं. “संभाजीनगरला येऊन हे नाय खाल्लं तर परत पाठवत नायत,” म्हणाला. काकीने दोन रोट्या संपवल्या, रश्श्याला मान दिला, मसाल्यात खोबरं आहे का ते विचारलं. मी रोटीचे तुकडेच करत बसले होते.

“कित्याक गो तोंड पाडून बसलंस? अर्दो तास नाय गावलो म्हणान?”

“हो,” मी म्हटलं. तेव्हा सांगायला हवं होतं. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. दुसरं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तज्ज्ञ पुढे आणि आम्ही मागच्या बाकड्यावर. कुलकर्णीकाका मध्ये, वही मांडीवर. फुलंब्री गेली, कोणी मोकळेपणाने बोलायला आलं नाही. पुढे कोणीतरी गाण्यांच्या भेंड्या सुरू केल्या. मग काकीच उठली. रस्ता खराब, बस डुलत होती, उठणारा प्रत्येक जण दांडा पकडून झोके खात होता. काकी होडीत उभी राहते तशी पाय फाकून, कशालाही न धरता, चालत पुढे गेली आणि डॉक्टरबाईंसमोर उभी राहिली.

“बाय, तुमी माणसां मोजूक खयच्या तिथीक इल्लात?”

डॉक्टरबाईंनी तारखा सांगितल्या. “आणि ओहोटीची वेळ बघूनच गेलो होतो, मावशी. भर ओहोटीला.”

“येळ न्हय. तिथ.”

तिथी कोणाला माहीत नव्हती. कुलकर्णीकाकांनी पिशवीतून छोटं पंचांग काढलं. “घरची सवय,” ते जरा ओशाळून म्हणाले. “पूर्वी गावचं जोशीपण आमच्याकडं होतं. आता फक्त एकादशी बघायला लागतं.” त्यांनी तारखा पुन्हा विचारल्या, पानं उलटली, आणि कोर्टात वाचतात तसं सपाट आवाजात वाचलं. “पहिली फेरी: सप्तमी, अष्टमी, नवमी. दुसरी फेरी: अष्टमी, नवमी.”

भेंड्या थांबल्या होत्या. ड्रायव्हरच्या जागेवरून ओरडा आला, “म्हंजे भांग! कॅनॉल बंद! बाया घरात जाळी शिवत बसल्यात, ह्ये रानात मोजायला!”

संपूर्ण बसमध्ये हे कळलेला तो पहिला माणूस होता. त्याने अजून समुद्र पाहिलेला नाही.

डॉक्टरबाईंनी पंचांग मागून घेऊन तिथ्या स्वतः पाहिल्या. मग म्हणाल्या, “बुडी मारायला भांगच लागतो. उधाणात पाणी गढूळ, तळ दिसत नाही. पोवळी तपासायला ते दिवस बरोबर होते, मावशी. आणि पोवळ्यांचे आकडे मी स्वतः घेतलेत, ते खरे आहेत. पण खडपावरची माणसं मोजायचं काम आमच्या लोकांनी त्याच फेरीत उरकलं. पाण्याखालच्या खडपावर माणसं मोजली. आणि मी सही केली.”

मी चार वर्षं अशा माणसांना पत्रकांत ‘विकले गेलेले तज्ज्ञ’ म्हणत आले आहे. ती बाई विकली गेलेली नव्हती. तिने न तपासता सही केली होती. मी न विचारता लिहिलं होतं. फरक शोधत मी सिल्लोडपर्यंत आले.

“ही अनौपचारिक चर्चा आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“मी लिहून घेतली आहे,” कुलकर्णीकाका म्हणाले. “खड्ड्यांनी अक्षर हललंय, पण वाचता येतं.”

अध्यक्ष हसले. “ठीक. समजा, पाहणीची तिथी चुकली. पण हे पत्रक? ते तर वाडीतच लिहिलेलं आहे. ते कुठल्या भांगाला लिहिलं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकीसुद्धा बघत होती, मी आता चोख उत्तर देईन अशा भरवशाने. मी खिडकीबाहेर बघितलं. कपाशीची रानं मागे पळत होती.

फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून लेण्यांच्या गाडीत बसावं लागतं. धुराने चित्रं खराब होतात म्हणून. एका लेण्याच्या दारात पहारेकरी उभा होता. आतली माणसं बाहेर आली की तेवढीच आत सोडायचा. एका तरुणाने कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा लावला, तसा तो ओरडला, “ओ भाऊ, उजेड बंद! रंग उडतोय!” आत अंधूक प्रकाशात भिंतीवरचे चेहरे हळूहळू दिसायला लागले. ते बघायला डोळ्यांना वेळ द्यावा लागतो. काकी चित्रांपेक्षा पहारेकऱ्याकडेच जास्त बघत होती.

“बघ,” ती म्हणाली. “हो राखता तो दार उघडा आसताना माणसां मोजता. आणि दिवो लावलो काय वरडता. ह्येका आपल्या दर्याक न्हेऊक व्हयो (न्यायला हवा).”

जेवायला फर्दापूरला परतलो. ढाब्यावर लांब टेबल, ज्वारीच्या भाकरी, शेवभाजी, ठेचा. भाकरी हातात घेतली आणि परत ठेवली. आता नाही बोलले तर निदान जेवण तरी होईल, असाही विचार आला. मग उठलेच.

“पत्रकातलं ते वाक्य खोटं आहे,” मी म्हटलं. “कालवं कमी झाली होती. संपली नव्हती. बायका खडपावर जातात. त्या वर्षीही जात होत्या. ते मी लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं.”

कुलकर्णीकाकांनी भाकरीचा हात रुमालाला पुसून पेन्सिल उचलली.

काकीने मान वळवली. “खडपावर एकय बाई जायना नाय, असा लिवलंस?”

“हो.”

“आणि ता मी वाटलंय? बाजारात? माझ्या हातान?”

“हो.”

“मी हातात कोयती आणि टोपलीत कालवां घेवन, एकेकाक धरून, सांगत सुटलंय काय मी खडपावर जायनाय म्हणान?”

कोणीतरी हसलं. काकी हसली नाही.

अध्यक्ष पाणी प्यायले. “प्रामाणिकपणाबद्दल आभार. मग हे पत्रक पुरावा म्हणून धरता येणार नाही. आम्ही ते वगळतो. संपूर्ण.”

“संपूर्ण कशाला? दिव्यांच्या बोटींचा भाग खरा आहे.”

“असेलही. पण लेखिका स्वतःच एका वाक्याला खोटं म्हणते, तेव्हा बाकीच्यांना जामीन कोण राहणार? आणि अहवालात त्या बोटींचा उल्लेख फक्त या एका कागदात आहे.” ते खरोखरच वाईट वाटल्यासारखे म्हणाले, “आमच्या नमुन्यात त्यांना रकाना नाही. आपण ठरवा. पत्रक राहिलं, तर बोटींची नोंद राहील आणि आपलं ते वाक्यही राहील. गेलं, तर दोन्ही जाईल.”

म्हणजे वाक्य ठेवावं तर खडप बंद. काढावं तर दिव्यांच्या बोटी अहवालातून स्वच्छ सुटणार. माझ्या हाताने.

मी काकीकडे वळले. “काकी, काय करू?”

“आता माका इचारतंस?” ती म्हणाली. “लिवताना इचारलंस?” आणि तिने भाकरीचा तुकडा मोडला.

मी सांगितलं, पत्रक मागे घेते. कुलकर्णीकाकांनी माझं म्हणणं वाचून दाखवलं, त्या सपाट आवाजात, माझ्याच शब्दांत; ऐकायला फार वाईट लागलं. मी सही केली. कागदाच्या कोपऱ्याला ठेच्याचं तेल लागलं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, शिफारस थांबवते, येत्या अमावास्येच्या ओहोटीला खडपावर पुन्हा मोजणी करू, मी स्वतः येते. अध्यक्षांनी मान्यता दिली, पण मला बाजूला घेऊन समजावलं. “एक लक्षात घ्या. तुमच्या बायका मोजल्या गेल्या की तो रकाना पुन्हा लाल होणार. अभयारण्याचे गुण कमी होतील. तुमच्यामुळे.” आमच्या खडपावर आम्ही दिसलो तर अभयारण्य नापास आणि दिसलो नाही तर पास, हे मला तोपर्यंत इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. मी आभार मानले.

संभाजीनगरच्या बसस्थानकावर ज्ञानोबाने काकीला वाकून नमस्कार केला. “मावशी, पाळी आली की फोन करा. म्या येतो पोरं घेऊन, पाणी उतरताना बघायला.” काकी त्याच्याशी भरभरून बोलली. माझ्याशी अहिल्यानगर येईपर्यंत एक शब्द नाही.

मग तिने गठ्ठ्याची दोरी सोडली आणि एक पत्रक माझ्या मांडीवर टाकलं.

“वाच.”

“काकी, आता...”

“पयल्यापासून वाच. माका कधी वाचून दाखवलंस नाय तू.”

मी वाचायला लागले. ‘समुद्र मेला आहे!’

“खोटा. पुढे.”

‘हजारो संसार उद्ध्वस्त!’

“वाडीत घरां किती? हजार? पुढे.”

‘सर्व अधिकारी विकले गेले आहेत!’

“ती बाय भाकरी खाताना तुझ्या शेजारी बसलेली. इचार तिका. पुढे.”

‘गेल्या हंगामात दिव्यांच्या बोटी अभयारण्याच्या हद्दीच्या आत आल्या.’

“ह्या खरा. मी बघलंय. ठेव.”

‘त्यानंतर वाडीतल्या होड्यांच्या जाळ्यात बांगडा आलेला नाही.’

काकीने गठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळली. शेजारचा प्रवासी आमच्याकडे बघत होता.

“खरा,” ती म्हणाली.

कोल्हापूर सोडून घाट उतरायला लागलो तेव्हा कागदावर सात वाक्यं उरली होती. एकातही उद्गारचिन्ह नव्हतं. ती मी सलग वाचली. खूप छोटी, साधी वाटली. पत्रक म्हणावं असं काही त्यांत नव्हतं. काकीने गठ्ठा पायाशी सरकवला आणि दोन्ही हात पदरात घेतले.

“आता माका भय वाटला,” ती म्हणाली.

ती सात वाक्यं काकीच्या अंगठ्यासह मी अध्यक्षांकडे पाठवली आहेत. रकाना नसला तर समासात लिहा, असं वर लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही.

तिकडे काय झालं म्हणून वाडीत रोज कोणी ना कोणी विचारतं, शहरातून फोन येतात, म्हणून हे सगळं लिहून काढलं. आणि आणखी एका कामासाठी. त्या पत्रकात मी वाडीतल्या प्रत्येक बाईला न विचारता खडपावरून उठवलं. त्या प्रत्येकीने अमावास्येच्या ओहोटीला खडपावर यावं. डॉक्टरबाई मोजायला येणार आहेत. अभयारण्याचे गुण कमी होतील, होऊ देत. मी येणारच आहे. मोजणाऱ्यांच्या शेजारी वही घेऊन उभी राहीन म्हटलं, तर काकीने मान हलवली. कोयती आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तू पण पाण्यात उतर.